दुसऱ्या खोलीत झोपा

भोंगा लावलेली रिक्षा गावात शिरली की लोक आधी कान देऊन ठरवतात, भंगारवाला आहे की कुल्फीवाला. दोन्ही नसले तर तो मी असतो, आणि मग ते कान काढून घेतात. आरोग्य खात्यात माझी उभी हयात गेली. फवारणी केली, रक्ताचे नमुने गोळा केले, लोकांचे रांजण पालथे करून शिव्या खाल्ल्या, आणि गेली काही वर्षं या सगळ्याच्या जोडीला गावोगाव सूचना देत फिरतो. डेंगूची सूचना, गोवराची सूचना, कुत्रं चावलं तर काय करावं, साप चावला तर भगताकडं वेळ घालवू नये, बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी ठेवू नये. पोरं रिक्षामागं पळतात आणि ओरडतात, "भोंगा उना, भोंगा उना!" मोठी माणसं तेवढंही करत नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी पगार घेऊन ओतलेलं आहे.

तरी मला या कामाचा अभिमान होता. खोटं कशाला सांगू, चांगलाच होता. आवाज मला वडिलांकडून मिळाला. ते आमच्या कोरीट गावच्या शिवारात बांधावर उभे राहून बैलाला हाक मारायचे, ती पलीकडच्या शेतातल्या बैलालाही कळायची. आणि आवाजापेक्षा जास्त अभिमान होता तो मी सूचना ज्या बोलीत द्यायचो तिचा. नोकरीची पहिली काही वर्षं मी सातपुड्यात काढली, धडगावच्या वरच्या पाड्यांवर. तिथं घराघरात पावरी बोली. मी कागदावरच्या मराठीत हिवतापावर घसा कोरडा करायचो, बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि सगळं समजायचं ते एकट्या शाळेच्या मास्तरांना, ज्यांच्याकडं मच्छरदाणी आधीपासून होती. तेव्हा एक गोष्ट मी गाठीला बांधली. ऑफिसचा कागद जसाच्या तसा वाचला तर तो ऑफिसातच राहतो.

म्हणून खाली बदली झाल्यावर मी प्रत्येक सूचना अहिराणीत करून घेऊ लागलो. कागद आला की आरोग्य केंद्राच्या ओट्यावर बसायचं, त्यातलं सरकारीपण काढून टाकायचं, लोक बोलतात तसं लिहायचं आणि मोबाइलवर आवाज भरून रिक्षावाल्याला द्यायचा. साहेब बाहेरचे होते, त्यांना अहिराणी येत नव्हती. ते ऐकून मान हलवायचे आणि म्हणायचे, "छान, लोकभाषेत झालंय."

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गव्हातल्या गोळ्यांचा कागद आला. आमच्याकडं वर्षाचा गहू चैत्र-वैशाखात कोठीत भरतात. पूर्वी त्यात कडुनिंबाचा पाला घालायचे, राख घालायचे. सोंडे व्हायचे ते व्हायचेच. आता दुकानात गोळी मिळते. फडक्यात बांधून गव्हात खुपसली की तिच्यातून वायू निघतो आणि किडा मरतो. माणूसही मरतो. कुठंतरी एका घरात असं घडलं होतं, म्हणून तो कागद निघाला होता. त्यात लिहिलं होतं की राहत्या घरात या गोळ्या वापरू नयेत, आणि वापरल्या असतील तर त्या घरात कोणीही झोपू नये, घर उघडं ठेवावं.

मी तो कागद वाचून हसलो होतो. मला अजून आठवतं, मी केंद्रातल्या शिपायाला तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणालो, "घरमा झोपू नये म्हने! मंग काय साहेबना बंगलामा झोपूत?" आमच्याकडं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओटा. गहू भरला म्हणून कोणी बायकापोरांना घेऊन आठवडाभर रस्त्यावर राहणार आहे का? असं सांगितलं तर लोक म्हणतील, पुढं चल बाबा. जे पाळताच येत नाही ते सांगितलं की जे पाळता येतं तेही लोक पाळत नाहीत, हे माझं इतक्या वर्षांचं शहाणपण. तेव्हा मी ती ओळ जरा वाकवली. लोकांना जमेल अशी केली.

"आयका हो भाऊसहोन, बहिनीसहोन! गहूमा टाकतस ती गोळी नही, जहर शे जहर! ज्या खोलीमा कोठी शे, त्या खोलीमा झोपू नका. पोरेसले दुसरी खोलीमा झोपाडा!"

साहेब म्हणाले, "छान."

माझी धाकटी बहीण धानोऱ्याच्या अलीकडच्या एका गावात दिली आहे. मेव्हण्यांची थोडी शेती, थोडी मजुरी. त्यांना एकच मुलगी, तेव्हा सहावीत होती. अंगानं काडी, पण आवाज आमच्या घरचा. त्या वर्षी आखाजीला बहीण माहेरी आली तेव्हा मी गोळ्यांच्या सूचनेनं सगळा भाग दणाणून सोडला होता. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडं लेकीबाळींचा सण. निंबाला झोका बांधलेला, खापरावरची पुरणपोळी, आमरस, आणि गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी आमच्या ओट्यावर. त्या घोळक्यात भाची उभी राहिली, तिनं तांब्या तोंडापुढं धरला आणि माझी सूचना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणून दाखवली. माझं खाकरणंसुद्धा सोडलं नाही. "जहर शे जहर" म्हणताना मी हात वर करतो हे मला माहीत नव्हतं. ते तिच्यामुळं कळलं. शेवटी तिनं स्वतःचं एक वाक्य जोडलं, "आसं मन्हा मामा सांगस!"

बाया हसून लोळायच्या बाकी राहिल्या. बहिणीनं ते मोबाइलमध्ये भरून घेतलं. मी वरवर रागावलो, "मामानी टिंगल करस का गं?" पण खरं सांगायचं तर माझा ऊर भरून आला होता. आयुष्यभर मला एकच ऐकणारं माणूस मिळालं, आणि ते माझ्याच रक्ताचं होतं.

आखाजी झाली की बहिणीच्या घरी माहेरचा गहू जातो. दरवर्षी टेम्पोत घालून मीच नेतो. त्या वर्षीही नेला. गोण्या उतरवल्या, मेव्हण्यांनी आणि मी मिळून कोठी भरली. मेव्हण्यांनी दुकानातून गोळ्या आणल्या होत्या. मी त्यांना तोंडाला रुमाल बांधायला लावला, गोळ्यांना हात लावल्यावर साबणानं दोनदा हात धुवायला लावले, डबी उंचावर ठेवायला लावली. कोठीचं झाकण बसवून बहिणीनं फटी शेणमातीनं लिंपल्या. सगळं कसं नियमानं. मी खात्याचा माणूस होतो ना.

मग भाचीनं माझा हात धरून मला पुढच्या खोलीत नेलं. तिची खाट नेहमी आतल्या खोलीत, कोठीशेजारी असायची. ती तिनं बाहेर आणून भिंतीला लावली होती.

"मामा, दख. मन्ही खाट मी दुसरी खोलीमा आनी. मायनी बी आनी."

"शाब्बास!" मी म्हणालो. तिच्या पाठीवर थापही दिली.

मी त्या खोलीत बसून चहा प्यालो. वर पाहिलं होतं की नाही हे मला आज आठवत नाही, पण पाहायची गरजच नव्हती. आमच्या भागातल्या पत्र्याच्या घरांत मधली आडभिंत वरपर्यंत जात नाही. माणसाच्या डोक्यावर दीड-दोन हात जाते आणि थांबते. वर पत्र्यापर्यंत मोकळं. त्यानं विटा वाचतात, वारा खेळतो, आणि भिंतीच्या माथ्यावर एक बल्ब लावला की दोन्ही खोल्यांत उजेड पडतो. बहिणीच्या घरात तो बल्ब होता. माझ्या घरातही आहे. मी लहानपणापासून त्या बल्बाखाली झोपलो, अभ्यास केला, लग्न होऊन संसार केला. एका खोलीतलं कुजबुजणं दुसऱ्या खोलीत ऐकू येतं म्हणून नवराबायकोला भांडायचं असलं तर ती शेतात जातात, असल्या चेष्टा आम्ही शंभरदा केल्या. आणि सूचना लिहिताना मला ती भिंत दिसली नाही. साहेबाला दिसली नसती तर मी समजू शकतो, तो सिमेंटच्या घरात वाढलेला. मला दिसली नाही. पुरुष उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकतात आणि बायका-पोरी दार लावून आत झोपतात, हेही मला माहीत होतं. बहिणीच्या घराला खिडकी एकच, ती कोठीच्या खोलीला, आणि चोराच्या भीतीनं बंद. हेही माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला. मी रिक्षात होतो, उन्हाची सूचना सुरू होती. पारा चढला होता आणि उष्माघाताचा कागद आला होता. भोंग्यातून माझाच आवाज इतका मोठा येत होता की मला बहिणीचं नीट ऐकू येईना.

"भाऊ, पोर सकायपाईन उलट्या करी ऱ्हायनी. मन्हं बी डोकं धरेल शे. पोटमा मयमय करस."

"काल काय खादं?"

"काही नही. कालदिन दुपारे मी तिले समोरनी गच्चीवर धाडेल व्हती, बिबड्या राखाले."

बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. वाळत घातले की कावळ्यांवर लक्ष ठेवायला पोरींनाच बसवतात. भर दुपारी गच्चीवर. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. माझ्या कानात तर भोंगा ओरडत होता, डोकं दुखणं, मळमळ, उलट्या.

"ऊन लागनं तिले," मी सांगितलं. "मीठ-साखरनं पानी दे, डोकावर वल्लं फडकं ठेव. दार लावी ले, गरम वारा येवाले नको."

बहिणीनं माझं ऐकलं. तिनं सगळं ऐकलं. दारसुद्धा लावून घेतलं.

दुपारी मेव्हण्यांचा फोन आला तेव्हा ते दोघींना गाडीत घालून नंदुरबारला निघाले होते. मी पोचलो तेव्हा बहिणीला सलाइन लागलं होतं आणि भाचीभोवती पडदा होता. एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी मेव्हण्यांना विचारलं, "घरात धान्यात गोळ्या टाकल्या होत्या का?"

"टाकेल व्हत्यात," मेव्हणे म्हणाले, "पन गहू दुसरी खोलीमा शे. मझार भिंत शे."

त्या क्षणी मला तो बल्ब दिसला. भिंतीच्या माथ्यावर, दोन्हीकडं उजेड पाडणारा. मी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की भिंत वरपर्यंत नाही. त्या म्हणाल्या, "यावर उतारा नाही हो. हृदय सांभाळायचा प्रयत्न करतोय, बस."

दिवस मावळायच्या आत भाची गेली.

दवाखान्यातून मेव्हण्यांना जो कागद मिळाला तो इंग्रजीत होता. तो त्यांनी घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवला. तो आजही तिथंच आहे, कोणी वाचला नाही. गावाला कागद लागतच नाही. गावाला कारण लागतं, आणि कारण मी सकाळीच फोनवर देऊन ठेवलं होतं. ऊन लागलं. मामा आरोग्य खात्यात आहे, मामानंच सांगितलं. त्या आठवड्यात उन्हानं दुसऱ्या गावातही एक म्हातारा गेला होता, त्यामुळं कोणाला शंका आली नाही; डॉक्टरीणबाईंचा प्रश्न मेव्हण्यांनीही भिंतीचं उत्तर देऊन तिथंच सोडला होता. मी एवढंच केलं की घर तापलंय, सगळे अंगणात बसा, असं सांगून दार आणि ती एकुलती खिडकी सताड उघडून ठेवली. दहावं होईपर्यंत कोणाला आत झोपू दिलं नाही. लोक म्हणाले, मामा किती काळजी करतो.

सांगायचं होतं. त्या दहा दिवसांत रोज सकाळी सांगायचं ठरवून मी जायचो. पण बहीण माझ्या गळ्यात पडून रडायची आणि तिचं एकच चालू असायचं, "मीच धाडी तिले गच्चीवर. भाऊ, मीच धाडी." एकदा माणसं बसलेली असताना मेव्हण्यांच्या तोंडून निघून गेलं, "भर उन्हामा पोरले कोनी धाडस का?" बहिणीनं खाली मान घातली. मी तिथंच बसलो होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर. एक वाक्य बोललो असतो तर तिच्या डोक्यावरचा धोंडा उतरला असता. तो माझ्या डोक्यावर आला असता, एवढीच अडचण होती. मी पाण्याचा तांब्या मागितला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, तसाही मी नव्हतो. मी तर कोरडा पाषाणसुद्धा नव्हतो, पाषाण गप्प तरी राहतो. मी ऑफिसात जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. मूळ कागदात काय होतं आणि मी काय केलं. ते पंख्याकडं बघत म्हणाले, "झालं ते झालं. कुठं लिहून ठेवू नका." मी नवीन सूचना भरली, "ज्या घरमा गोळी, त्या घरमा कोनीच झोपू नका!" ती घेऊन फिरलो तेव्हा मी सुरुवातीला केली होती तीच चेष्टा लोकांनी मला परत केली. "मंग काय मामा, तुन्हा घर झोपाले येवूत का?" शंभर जणांना मी थांबून सांगितलं की गोळीचा वायू भिंतीवरून पलीकडं येतो. त्यांनी वर पाहिलं, हो म्हणाले, आणि गहू भरला. जाणार कुठं? माझ्याकडं उत्तर असतं तर मी मुळात ती ओळ वाकवलीच नसती.

बहिणीच्या गल्लीत तर मी दारोदार गेलो. तिथं वेगळंच होतं. एक बाई म्हणाली, "काबर भाऊ, तुन्ही भाची तर सांगस दुसरी खोलीमा झोपाडा. तुन्हाच शब्द शे ना तो?"

तेव्हा मला कळलं की बहीण ते मोबाइलमधलं लोकांना ऐकवते. मुलीचा तेवढाच आवाज तिच्याजवळ राहिला होता. फोटो होते, पण फोटो बोलत नाही. भेटायला कोणी आलं, गहू-पापडाचा विषय निघाला, किंवा काहीच निघालं नाही तरी ती फोन काढायची. सगळ्या बाया गप्प होऊन ऐकायच्या आणि डोळे पुसायच्या. माझा भोंगा वर्षानुवर्षं जे करू शकला नाही ते त्या मुलीनं केलं. लोकांनी ऐकलं. त्या गल्लीत आता प्रत्येक घरी गहू भरला की पोरांच्या खाटा न चुकता पुढच्या खोलीत येतात, आडभिंतीला लावून. पुढं दोन उन्हाळे गेले आणि तिथं कोणाला काही झालं नाही. कोणी गोळ्या कमी टाकल्या असतील, कोणाच्या पत्र्याला भोकं असतील. मला दुसरं काही सुचत नाही.

भाची गेल्यावर पुढच्या आखाजीला बहीण आली नाही. त्याच्याही पुढच्या वर्षी आली नाही. यंदा आली. झोका बांधला होता, पण तिच्यासमोर कोणी बसेना, म्हणून पोरींना मीच हाकलून झोक्यावर बसवलं. दुपारी बाया ओट्यावर जमल्या. आमच्या समोरच्या घरातल्या काकू नातवाला मांडीवर घेऊन आल्या होत्या. त्यांची सून नुकतीच बाळंत झालेली, बाळ दीड महिन्याचं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आते परवदिन गहू भरना शे बाई. बाळनी झोळी कोठे बांधवा, तेच इचार करी ऱ्हायनू."

बहिणीनं फोन काढला. "काकू, मन्ही पोर काय सांगस ते आयका."

मी दारात उभा होतो. तांब्यातला आवाज सुरू झाला. खाकरणं आलं, भाऊसहोन, बहिनीसहोन आलं, जहर शे जहर आलं. मागं त्या वर्षीचं बायांचं हसणं होतं, माझंही होतं. काकू मान डोलावत होत्या, आणि मांडीवरचं बाळ आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवत होतं. "पोरेसले दुसरी खोलीमा झोपाडा! आसं मन्हा मामा सांगस!"

"बस," काकू म्हणाल्या. "झोळी पुढली खोलीमा."

"नका," मी म्हणालो.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर. कागदात काय होतं, मी काय लिहिलं, भिंत, बल्ब, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, पेटीतल्या कागदावर काय असेल. माझा आवाज पहिल्यांदाच असा निघाला की बायांना पुढं वाकून ऐकावं लागलं. शेवटी मी बहिणीकडं वळून म्हणालो, "बाई, ऊन नव्हतं ते. बिबड्यासनं काही नही. तुन्हं काहीच चुकनं नही."

मला वाटलं होतं, हे ऐकून तिला निदान सुटल्यासारखं होईल. इतकी वर्षं मी मनात तेच घोळवलं होतं, की कधीतरी सांगेन आणि ती सुटेल.

तिनं विचारलं, "तुले तव्हयपाईन ठावं व्हतं?"

मी हो म्हणालो.

"आनि मी सगळासले हाई आयकाडी ऱ्हायनू." तिनं हातातल्या फोनकडं पाहिलं. "मन्ही पोर लोकेसले मराले सांगी ऱ्हायनी व्हती का मंग?"

बहिणीनं उठून फोन माझ्या हातात दिला. "घे. तूच पुसी टाक. माले नही जमस."

पुसायचं कुठून ते मला माहीत आहे. रोज सूचना भरतो आणि पुसतो. अंगठा ठेवायचा आणि हो म्हणायचं, बस. मी अंगठा ठेवला नाही. फोन तिच्याकडं परत धरला, तर तिनं हात मागं घेतला. संध्याकाळीच ती सासरी निघाली, आखाजीचा सण अर्धा टाकून. मी गव्हाचं विचारलं. ती म्हणाली, "नको."

तेव्हापासून फोन माझ्याकडं आहे. दोन दिवसांनी एकदा चार्जिंगला लावतो, ऐकत नाही. बहीण मला फोन करत नाही. करणार कशानं?

समोरच्या काकूंनी ठरल्या दिवशी गहू भरला. मी हात जोडले, बाळंतिणीला घेऊन आमच्या घरी या म्हणालो. काकू म्हणाल्या, सव्वा महिना कसाबसा झालाय, बाळाला परक्या घरी कसं न्यायचं? आणि आमच्या घरातही कोठी आहेच की. गोळ्या नका टाकू म्हणालो, तर म्हणाल्या, मग सोंडे झालेला गहू तू खाशील का वर्षभर? त्यांनी माझं सगळं खरं मानलं होतं. म्हणून गोळ्या अर्ध्याच टाकल्या आणि झोळी पुढच्या खोलीत बांधली, आडभिंतीपासून जमेल तितकी लांब.

रोज सकाळी उठलो की मी आधी ओट्यावर येऊन त्या घराकडं कान लावतो. बाळ रडलं की मग आत जाऊन चहा पितो.